रजनीला एकदा हरू द्या

१९८५ साली आमच्या शाखेत ‘रजनी’ हे विशेषनाम उरले नव्हते. त्याचे सामान्यनाम झाले होते. काउंटरपलीकडे एखाद्या बाईंचा आवाज जरा चढला की आमचे हेड कॅशियर चष्म्याच्या वरून पाहत आणि हलक्या आवाजात म्हणत, ‘‘आली रजनी!’’ मग पितळी टोकन मुठीत धरून पाऊण तास ताटकळलेल्या त्या बाईंचे काम पाच मिनिटांत होऊन जाई. मी तेव्हा पंचविशीतला क्लार्क होतो. लेजरमध्ये मान घालून बसलेलो असे. मनातल्या मनात त्या बाईंसाठी टाळी वाजवावी, की आपल्या जातभाईंच्या बाजूने कपाळाला आठी घालावी, हे काही केल्या ठरत नसे. घरी मात्र मी आणि आई टीव्हीपुढे बसून बिनदिक्कत टाळ्या वाजवायचो. आई मध्येच विचारायची, ‘‘तुमच्या बँकेत असंच करतात का रे?’’ मी म्हणायचो, ‘‘छे गं, आमच्याकडे नाही.’’

ज्यांचा जन्मच त्यानंतरचा, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ‘रजनी’ ही दूरदर्शनवरची हिंदी मालिका. दिग्दर्शक बासू चटर्जी. रजनीच्या भूमिकेत विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर. रजनी मुंबईतली एक साधी गृहिणी. तिच्याजवळ पद नाही, पक्ष नाही, पैसा नाही. आहे ती फक्त ‘‘का?’’ असे विचारण्याची सवय. गॅसचा सिलिंडर असो, भाडे नाकारणारा टॅक्सीवाला असो, ती पदर खोचून उभी राहायची. टॅक्सीवाल्यांवरचा भाग तर इतका झोंबला, की त्यांनी निषेधाचा मोर्चा काढला. मालिकेतल्या काल्पनिक बाईविरुद्ध खराखुरा मोर्चा! यापेक्षा मोठा पुरस्कार कुठल्या लेखकाला मिळतो?

मालिका संपली. प्रिया तेंडुलकर २००२ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेल्या. बासूदा २०२० साली गेले. तरीही आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर रजनी अधूनमधून येतच असते. २०२१ साली ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीसह परतली, तेव्हापासून आम्हा निवृत्तांना एक खेळच सापडला आहे. जुन्या मालिकेतले आपले आवडते माणूस आज परत आले, तर त्याला कोणती गोष्ट द्याल? वागलेंचे सुमीत राघवनच्या रूपाने झाले, थोरले वागले अंजन श्रीवास्तवही परत भेटले. पण रजनीला आता तो चेहराच नाही. म्हणून तिची गोष्ट फक्त स्वप्नात लिहायची; आणि स्वप्नातल्या गोष्टीला ना प्रायोजक लागतो, ना कुणाची मंजुरी.

कट्ट्यावर सूचनांचा पाऊस पडला. कुणी म्हणाले, रजनीला महापालिकेच्या निवडणुकीला उभी करा. कुणी म्हणाले, रस्त्यातल्या खड्ड्यात खुर्ची टाकून बसवा. एका वकील मित्राने तिला थेट सर्वोच्च न्यायालयात नेऊन पोहोचवले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ‘‘मी तिला फसवेन. सत्तरी ओलांडलेली रजनी बँकेत जाईल आणि फसून येईल.’’

मंडळी चिडली. एक जण तर म्हणाले, ‘‘जन्मभर बँकेत काढलीत, शेवटी गिऱ्हाइकालाच फसवलंत ना!’’ ते विनोदाने बोलले होते. पण तो शब्द माझ्या जिव्हारी लागला. का, ते पुढे येईलच.

आधी रजनीच्या यशाचे कोडे थोडे उलगडून पाहू. तिच्या प्रत्येक भागात एक अडचण असे आणि ती त्याच भागात सुटे. ही काही जादू नव्हती. तिचा प्रतिस्पर्धी नेहमी समोर असायचा, त्याला चेहरा असायचा आणि तो उर्मट असायचा. ‘‘उद्या या’’, ‘‘सुटे नाहीत’’, ‘‘साहेब जागेवर नाहीत’’ ही त्याची भाषा. उर्मट माणसाशी भांडणे एका अर्थाने सोपे असते. आपण चुकतो आहोत हे त्यालाही ठाऊक असते. म्हणूनच तो आवाज चढवतो. रजनी त्याहून वरचा आवाज लावायची, चार माणसे जमवायची आणि नियम वाचून दाखवायची. नियम नेहमी तिच्या बाजूने असायचा. चारचौघांत त्या माणसाला लाज वाटायची आणि काम व्हायचे. रजनीचे खरे हत्यार तिची जीभ नव्हे. समोरच्याच्या मनात शिल्लक असलेली लाज, हेच तिचे हत्यार.

आणि ती एकटी नव्हती. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. रजनी घराघरांत पोहोचल्यानंतर वर्षभराने, २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा आला. तो रजनीमुळे आला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ‘ग्राहक’ नावाचा कुणी माणूस असतो, आणि तो उपकार मागत नसून हक्क मागत असतो, हे लाखो घरांना कायद्याच्या पुस्तकाआधी रजनीने सांगितले, एवढे नक्की.

पुढे उर्मटपणा हळूहळू ओसरला. आमच्याकडे संगणक आले, लेजर अडगळीत गेले, पितळी टोकने भंगारात गेली. खाजगी बँका आल्या आणि त्यांच्या धास्तीने आम्हीही हसायला शिकलो. आज शाखेत शिरा. गारवा असतो, बसायला सोफा असतो, ‘‘पाणी घेणार का?’’ असे विचारणारे कुणीतरी असते. चाळीस वर्षांपूर्वी कुणी असे सांगितले असते तर आमच्या हेड कॅशियरांनी त्याला वेड्यात काढले असते. रजनी जिंकली, असेच कुणालाही वाटावे.

पण याच काळात, २००० नंतर, बँकांना विमा विकण्याची मुभा मिळाली. ठेवी घेणारे आणि कर्जे देणारे आम्ही विक्रेते झालो. विक्रेत्याला उर्मट राहून चालत नाही. त्याला गोड व्हावे लागते. उर्मटपणाशी कसे भांडायचे ते रजनीने आपल्याला शिकवले. गोडपणाशी कसे भांडायचे, ते शिकवायच्या आधीच तिची मालिका संपली. माझी गोष्ट तिथून सुरू होते.

त्या काळी मालिकांना तेरा तेरा भागांची मंजुरी मिळत असे. मीही तेराच भाग घेईन. मात्र एका भागात एक अडचण असे नाही. तेराही भागांना मिळून एकच तक्रार.

पहिल्या भागात रजनी एक्काहत्तर वर्षांची आहे. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, नजर तीच. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला आहे. मुलगी बंगळूरला. आठ लाखांच्या एफडीची मुदत संपली म्हणून रजनी शाखेत जाते. काचेच्या केबिनमधली विशीतली एक पोरगी धावत येते, वाकून नमस्कार करते, खुर्ची पुढे ओढते. ‘‘आंटी, तुम्ही अगदी माझ्या आजीसारख्या दिसता!’’ रजनी चाळीस वर्षे ज्या वागणुकीसाठी भांडली, तीच आज आपणहून समोर आली आहे. ती सुखावते. पोरगी सांगते, ‘‘सगळी रक्कम एफडीत कशाला? दोन लाख या योजनेत ठेवा. एकदाच भरायचे. व्याज जास्त, वर विमा फुकट.’’ तुमचे वय बसत नाही, म्हणून विमा मुलीच्या नावावर घेऊ, म्हणते. मुलीला बंगळूरला फोन जातो. तीही मोबाइलवर आलेला आकडा आईच्या भरवशावर सांगून टाकते. ‘‘आणि आंटी, कंपनीचा एक फोन येईल. नुसती औपचारिकता असते. सगळ्याला ‘यस’ म्हणा.’’

वाचकहो, यातला एकही शब्द मला कल्पनेने रचावा लागलेला नाही.

पुढचे दोन भाग रजनी खुशीत आहे. जग सुधारले, असे ती शेजारणीला सांगते. पॉलिसी ई-मेलने आलेली असते, आणि तो ई-मेल मुलीने कधीतरी काढून दिलेला, रजनीने कधीच न उघडलेला. पॉलिसी नको असेल तर परत करायला मुदत असते. पूर्वी ती साधारण १५ दिवसांची असे, २०२४ पासून ३० दिवसांची झाली. ते ३० दिवस कॅलेंडरवरून निमूटपणे निघून जातात. चौथ्या भागात वर्ष उलटते आणि मोबाइलवर निरोप येतो : दुसरा हप्ता, रुपये दोन लाख. पॉलिसी दहा वर्षांची आहे. म्हणजे रजनीने वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत दरसाल दोन लाख भरायचे.

आता रजनी पदर खोचून शाखेत जाणार, याची आपण वाट पाहू लागतो. माझ्या गोष्टीत ती जात नाही. पूर्ण एक भाग ती घरात बसून राहते. मुलीला सांगत नाही, शेजारणीला सांगत नाही. कारण फसणाऱ्याला सगळ्यात आधी वाटते ती लाज. ‘‘मी? मी रजनी, आणि मी वाचलं नाही?’’ जी लाज काउंटरमागच्या माणसाला वाटायची, ती आता काउंटरपुढच्या बाईला वाटू लागली आहे. गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडे काय बदलले, असे मला कुणी विचारले, तर मी एवढेच सांगेन.

सहाव्या भागात ती जाते. ती पोरगी तिथे नसते. तिची बदली झालेली असते किंवा नोकरी सुटलेली असते. नवा मॅनेजर उठून उभा राहतो. चहा मागवतो. आणि अत्यंत अदबीने कागद पुढे सरकवतो. सही तिची. दहा वर्षांचा हप्ता स्पष्ट छापलेला. तोंडी काय सांगितले गेले त्याचा कागद नाही. रजनी आवाज चढवते, तर सोफ्यावरची माणसे मोबाइलमधून मान वर काढतात आणि पुन्हा खाली घालतात. सारे आयुष्य ती नियमाच्या बाजूने भांडली. आज नियम टेबलाच्या पलीकडे बसला आहे.

इथे मला गोष्ट थांबवून एक जुना हिशेब मांडायला हवा.

२००७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. मार्चअखेर होती. रोज संध्याकाळी रिजनल ऑफिसचा फोन येई : आज विम्याचे किती? त्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेची तीन लाखांची एफडी पिकली होती. बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले होते. माझ्या शाखेतल्या एका चुणचुणीत मुलाने त्यांना बाजाराशी जोडलेली पॉलिसी दिली. ‘एकदाच भरायचे’ असे त्याने सांगितले, तेव्हा मी शेजारच्या टेबलाशी उभा होतो. मी ऐकले. दरसालचा हप्ता आहे हे मला माहीत होते. मी कागदावर सही केली. त्या तिमाहीत आमची शाखा विभागात पहिली आली आणि मला एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले.

वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची सूचना घेऊन बाई आल्या. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या माझ्या केबिनच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, माझंच चुकलं. मी नीट वाचायला हवं होतं.’’

आणि मी म्हणालो, ‘‘हो ना बाई, वाचायला हवं होतं.’’

एवढेच. त्यांना दुसरा हप्ता भरणे शक्य नव्हते. पॉलिसी बंद पडली. पहिल्या वर्षाचे जबर आकार, त्यात २००८ ची बाजारातली पडझड. शेवटी त्यांच्या हाती भरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी आले. असल्या पॉलिसींच्या आकारांवर विमा नियामकाने २०१० साली मर्यादा घातल्या, पण बाईंना त्याचा काय उपयोग? पेन्शन काढायला त्या पुढे दुसऱ्या बँकेत जाऊ लागल्या. रस्त्यात भेटल्या तर नमस्कार करीत. त्या नमस्काराइतकी मोठी शिक्षा मला कोणत्याही आयोगाने दिली नसती. आईने तेव्हा विचारले असते, ‘‘तुमच्या बँकेत असंच करतात का रे?’’ तर मी काय सांगितले असते? ती आधीच गेली होती, म्हणून सुटलो.

तर, सातव्या भागापासून रजनीची खरी लढाई सुरू होते. ती कंटाळवाणी आहे, आणि तशीच दाखवली पाहिजे. आधी शाखेला लेखी तक्रार, तिची पोच. मग विमा कंपनीला. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. बँकेच्या सेवेबद्दलची तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून त्या सगळ्या योजना एकाच छत्राखाली आल्या आहेत. याशिवाय ग्राहक आयोग आहेच. वाटा आहेत, नाहीत असे नाही. पण प्रत्येक वाटेवर एक फॉर्म आहे, एक तारीख आहे, आणि चालणारे पाय सत्तरी ओलांडलेले आहेत. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तिला फॉर्म भरून देते. रजनी कोण होती, हे त्या मुलीला ठाऊकच नाही. माझ्या गोष्टीतली ही मला फार आवडणारी जागा. तिच्या लेखी ही फक्त शेजारची एक हट्टी आजी आहे.

दहाव्या भागात सुनावणी. कंपनी आपला पुरावा वाजवते : तो पडताळणीचा फोन. ‘‘हप्ता दरसाल आहे, हे आपल्याला समजले का?’’ ‘‘यस.’’ ‘‘मुदत दहा वर्षे आहे, हे मान्य आहे का?’’ ‘‘यस.’’ जिचे अवघे चरित्र ‘‘का?’’ या एका अक्षरावर उभे होते, तिचा आवाज त्या खोलीत पुन्हा पुन्हा ‘‘यस, यस’’ म्हणतो. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. प्रिया तेंडुलकरांनी त्या क्षणी काय केले असते, हे मी कितीदा डोळ्यांपुढे आणून पाहिले आहे. बहुधा काहीच केले नसते. फक्त मान वर ठेवली असती.

अकराव्या भागात रजनी त्या पोरीला शोधून काढते. ती आता एका फर्निचरच्या दुकानात आहे. भांडण होईल असे आपल्याला वाटते, पण पोरगीच रडू लागते. रोज रात्री गटावर आकडे टाकावे लागत, आकडा नसेल त्याचे नाव सगळ्यांसमोर लाल रंगात येई, म्हणून सांगते. रजनी तिला माफ करते का? माझ्या मते नाही. ‘‘तुझ्यावर कुणी ओरडत होतं, हे खरं. पण तू मला आजी म्हणाली होतीस,’’ एवढेच म्हणून ती उठते.

बाराव्या भागात एक साक्षीदार येतो. त्या वेळचा मॅनेजर, आता निवृत्त. बोलावले नसताना आलेला. तो लेखी देतो, ‘‘एकदाच भरायचे, असे या बाईंना माझ्यादेखत सांगण्यात आले. मी ऐकले आणि गप्प राहिलो. चूक यांची नाही.’’ या भूमिकेला संवाद एवढाच आहे. तो मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिला आहे. दर वेळी शेवटचे तीन शब्द लिहिताना हात थबकतो. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत माणसांना मोठमोठे कबुलीजबाब द्यायला लावले. स्वतःला मात्र केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंपुढे हे तीन शब्द उच्चारता आले नाहीत.

तेराव्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांतच मी सांगून टाकेन, की रजनीचे पैसे परत मिळाले. उरलेला भाग वेगळा आहे. पेन्शनचा दिवस. शाखेत म्हातारी माणसे जमली आहेत. रजनी बाकावर बसली आहे. भाषण नाही, घोषणा नाही. शेजारी कुणी आजोबा चकचकीत फॉर्म घेऊन टेकतात. ती त्यांना म्हणते, ‘‘आज सही करू नका. कागद घरी न्या, एक रात्र उशाशी ठेवा, कुणाकडून तरी वाचून घ्या. मी फसले होते.’’ आजोबा चकित होऊन पाहतात. मग हळूच म्हणतात, ‘‘मीसुद्धा. पण कुणाला बोललो नाही.’’ पलीकडच्या बाई मान वळवतात. ‘‘आमच्या ह्यांनाही...’’ बाकावरची कुजबूज वाढत जाते आणि केबिनमधली माणसे काचेतून बाहेर पाहू लागतात.

जुनी रजनी चार माणसे जमवायची ती समोरच्याला लाज वाटावी म्हणून. ही रजनी जमवते ती आपल्या माणसांची लाज जावी म्हणून. हरलेल्या रजनीलाच हे जमेल. कधीच न फसलेल्या बाईपुढे ‘मीही फसलो’ असे कोण म्हणणार?

कट्ट्यावर मी ही गोष्ट पुरी सांगितली, तेव्हा मंडळी थोडा वेळ गप्प होती. मघाशी विनोद करणारे गृहस्थ सगळ्यात शेवटी उठले. माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, ‘‘माझ्या मिसेसच्या नावावर एक पॉलिसी आहे हो. मुलांना माहीत नाही. जरा कागद बघता का?’’

मी म्हणालो, ‘‘संध्याकाळी घेऊन या.’’

ते आले. कागद पसरून आम्ही बसलो. वर भिंतीवर २००७ चे ते घड्याळ टिकटिकत होते. वेळ अजून बरोबर दाखवते. त्यांनी कागदांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले आणि ओशाळे हसून म्हणाले, ‘‘आमचंच चुकलं, नाही का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘चूक तुमची नाही.’’